ड्रॉवरचे चॅनेल घेताना: सांगली-मिरजेत नेहमी विचारले जाणारे प्रश्न

फर्निचरचं काम काढलं की प्लाय कुठला आणि सनमायका कुठला यावर घरात आठवडाभर खल चालतो. चॅनेलची, म्हणजे ड्रॉवर ज्यांवर आत-बाहेर सरकतो त्या पट्ट्यांची, वेळ येईपर्यंत बजेट संपत आलेलं असतं. मिस्त्री म्हणतो, "ते मी आणतो, तुम्ही नका टेन्शन घेऊ," आणि विषय तिथेच मिटतो. सनमायकाकडे महिन्याभरानंतर कोणी बघतही नाही. चॅनेलशी मात्र दिवसातून पंधरा-वीस वेळा गाठ पडते. आमच्याकडे ट्रॉल्या आणि कपाटांच्या कामासाठी येणारी मंडळी जे विचारतात ते इथे आहेच. विचारायला हवं पण सहसा कोणी विचारत नाही, असंही थोडं घातलंय.

बाजारात चॅनेलचे प्रकार किती?

नावं भरपूर आहेत, पण घरगुती कामापुरते चारच धरा.

पहिला रोलरचा. पांढऱ्या किंवा क्रीम रंगाचा, पावडर कोटिंग केलेला पत्रा आणि प्लॅस्टिकची चाकं. सगळ्यात स्वस्त. ड्रॉवर पूर्ण बाहेर येत नाही, साधारण पाव भाग आत राहतो. मागे ठेवलेली वस्तू काढायला हात वाकडा करावा लागतो.

दुसरा टेलिस्कोपिक. एकात एक बसणाऱ्या तीन पट्ट्या आणि मधे छर्रे. नेहमीचा 45 मिमी उंचीचा येतो, हलक्या कामासाठी 35 मिमीचाही मिळतो. ड्रॉवर पूर्ण उघडतो. यालाच मागे डँपर, म्हणजे बंद होताना ड्रॉवरचा वेग कमी करणारा तुकडा, जोडला की तो सॉफ्ट क्लोज: ड्रॉवर न आपटता हळू बंद होतो.

तिसरा अंडरमाउंट, म्हणजे ड्रॉवरच्या तळाखाली बसणारा. उघडला तरी बाजूला चॅनेल दिसत नाही. चौथा टँडम बॉक्स. त्यात बाजूच्या धातूच्या भिंती चॅनेलसकटच येतात, आपण फक्त तळ, पाठ आणि दर्शनी फळी लावायची.

मग घरासाठी कुठला घ्यावा?

बहुतेक ठिकाणी 45 मिमी उंचीचा, पूर्ण उघडणारा, चांगल्या जाडीचा साधा टेलिस्कोपिक. पुढची सगळी प्रश्नोत्तरं "चांगल्या जाडीचा" म्हणजे काय आणि "बहुतेक" मधून कोणते ड्रॉवर वगळायचे, याभोवतीच आहेत.

बजेट कमी आहे. पैसे कुठे घालायचे आणि कुठे वाचवायचे?

सगळ्या घराला एकच चॅनेल घेणं ही सवय सोडा. त्यात एकतर विनाकारण पैसे जातात, नाहीतर जिथे दम हवा तिथेच चॅनेल कमी पडतो. कागद घ्या, घरातले सगळे ड्रॉवर लिहा, प्रत्येकासमोर दोनच गोष्टी मांडा: आत किती वजन राहणार आणि दिवसातून किती वेळा उघडणार.

किराण्याचा ड्रॉवर आणि कुकर-पातेल्यांचा ड्रॉवर हे वजनाचे. चमच्यांचा आणि मसाल्याचा हे सतत उघडणारे. या तीन-चार ठिकाणी हात सैल सोडा. टीव्हीखालचा ड्रॉवर, पाहुण्यांच्या खोलीतलं कपाट, देवघराखालचा वाती-कापराचा खण या ठिकाणी साधा चॅनेल वर्षानुवर्षं चालतो. कागदपत्रांचा ड्रॉवर तर वर्षातून चार वेळा उघडतो. तिथे सॉफ्ट क्लोज लावून कुणाला दाखवणार?

हिशोब करून बघू. चांगल्या साध्या जोडीचा भाव 1 धरला तर सॉफ्ट क्लोज ढोबळमानाने दोन ते तीन पट पडतो. अडीच धरा. घरात बारा ड्रॉवर असतील आणि सगळ्यांना सॉफ्ट क्लोज लावला तर 30 होतात. तीन ड्रॉवरला सॉफ्ट क्लोज आणि नऊ साधे केले तर साडेसोळा. खर्च जवळजवळ निम्म्यावर येतो, आणि रोजच्या वापरात फरक जाणवेल असं काही त्यातून वगळलेलं नसतं. अंडरमाउंट साध्याच्या चार-पाच पटीच्या पुढेच जातो, म्हणून तो या हिशोबात धरलेलाच नाही.

पॅकिंगवर 35 किलो, 45 किलो लिहिलेलं असतं. ते एका चॅनेलचं की जोडीचं?

जोडीचं. वजन ड्रॉवरभर सारखं पसरलेलं आहे असं धरून तो आकडा दिलेला असतो. पुढच्या टोकाला सगळा भार आला तर तो लागू होत नाही. लांबी आणि ड्रॉवरची रुंदी वाढली की क्षमता कमी होते, हेही लक्षात असू द्या.

35 किलो किती, हे कळायला घरातला गॅस सिलेंडर आठवा. 14.2 किलो गॅस आणि टाकीचं वजन धरून भरलेला सिलेंडर साधारण 30 किलो भरतो. आता किराण्याचा ड्रॉवर मोजा. तांदूळ दहा किलो, ज्वारीचं पीठ पाच, साखर पाच, तूरडाळ आणि इतर डाळी मिळून चार, गूळ-शेंगदाणे दोन. हे झाले 26. स्टीलच्या डब्यांचे चार-पाच किलो वेगळेच. प्लायच्या ड्रॉवरचं स्वतःचं वजनही पाच किलोच्या आसपास असतं आणि ते बहुतेक जण धरतच नाहीत. म्हणजे 35 किलोची हद्द इथेच गाठली. अशा ड्रॉवरला 45 किलोचा चॅनेल लावा, किंवा किराणा दोन ड्रॉवरमधे वाटा. दुसरा उपाय फुकटात होतो.

दुकानात उभं राहून चांगला चॅनेल ओळखायचा कसा?

यासाठी हातच पुरतो.

आधी वजन करा. एकाच लांबीच्या, एकाच प्रकारच्या दोन कंपन्यांच्या जोड्या घ्या आणि दुकानातल्या काट्यावर ठेवा. खिळे-स्क्रू किलोवर विकले जात असल्यामुळे हार्डवेअरच्या दुकानात काटा असतोच. जड जोडी म्हणजे जाड पत्रा. एक मिमी आणि 1.2 मिमी पत्र्यातला फरक डोळ्याला दिसत नाही, काट्यावर लगेच कळतो. काही कंपन्या तिन्ही पट्ट्यांची जाडी छापतात, उदाहरणार्थ 1.2 × 1.2 × 1.5. छापलेली असेल तर उत्तम.

मग चॅनेल पूर्ण उघडा. कपाटाकडचं टोक एका हातात आडवं धरा आणि दुसऱ्या टोकाला बोटाने डावी-उजवीकडे हलवा. थोडा खेळ असणारच, पण टोक लटपटत असेल तर छर्रे आणि खाच यांचं माप जुळलेलं नाही. खाली किंचित दाबून बघा, मधल्या जोडाशी वाकल्यासारखं वाटतं का.

नंतर सावकाश बंद करा. सावकाशच. झटक्यात ढकललं की वाईट चॅनेलही छान सरकतो. हळू सरकवताना कुठे अडखळतो, कुठे किरकिर होते, हे बोटांना समजतं. इथे एक मेख असते: भरपूर ग्रीस थापलेला चॅनेल नवा असताना लोण्यासारखा चालतो. बोटाने ग्रीस पुसून खालची खाच बघा. ती गुळगुळीत हवी, तिला कंगोरे नकोत.

छर्रे ज्या पट्टीत बसवलेले असतात ती जाळी बघा, तुटकी-वाकडी नको. टोकाची रबरं जागेवर हवीत. पत्र्याच्या कडेवरून नख फिरवा. धार लागली तर पंचिंग खराब आहे आणि पुढे कपडेही अडकतील. आणि जोडीतले दोन्ही चॅनेल तपासा. एक छान आणि दुसरा घट्ट, असं स्वस्त मालात सर्रास होतं.

ब्रँडेडच घ्यायला हवा का?

हेटिक, हाफेले, ब्लम, एब्को, गोदरेज ही नावं दुकानात ऐकू येतात. नाव असलेल्या मालात एक फायदा नक्की असतो: आज घेतलेली जोडी आणि दोन वर्षांनी घेतलेली जोडी सारखी निघते. पण एकाच कंपनीत हलक्या आणि भारी अशा दोन-तीन श्रेणी असतात. "अमुक कंपनीचा लावलाय" एवढ्यावर समाधान मानू नका. कुठली श्रेणी, किती किलोची, ते बिलावर लिहून घ्या.

बिननावाचा सगळाच माल टाकाऊ असतो असंही नाही. वरच्या तपासण्यांत उतरला तर हलक्या ड्रॉवरला खुशाल लावा. वर्तमानपत्रात गुंडाळलेला सुटा माल "कंपनीचाच आहे, फक्त बॉक्स नाही" म्हणून दिला, तर भाव सुट्या मालाचाच द्यायचा.

डब्यावर ईएन 15338 असं छापलेलं दिसलं तर ते फर्निचरच्या सरकत्या जोडण्यांची ताकद आणि टिकाऊपणा तपासण्याचं युरोपीय मानक आहे. कधी "50,000 सायकल" असंही असतं. दिवसाला वीस वेळा उघडझाप धरली तर वर्षाला 7,300, म्हणजे 50,000 व्हायला सातेक वर्षं लागतात. चाचणी वजन भरून करतात, त्यामुळे चमच्यांसारख्या हलक्या ड्रॉवरमधे चॅनेल त्याहून जास्त चालतो.

सॉफ्ट क्लोज म्हणजे दर्जेदार, असंच ना?

नाही. हा सगळ्यात पसरलेला गैरसमज. सॉफ्ट क्लोज ही सोय आहे, दर्जाचा दाखला नाही. पातळ पत्र्याच्या चॅनेललाही डँपर जोडून विकता येतं, आणि विकतातही. त्यात आधी दगा देतो तो मागचा प्लॅस्टिकचा डँपर. मग ड्रॉवर शेवटचा इंचभर उघडाच राहतो, नाहीतर धाडकन आपटतो. त्याच पैशात जाड पत्र्याचा साधा चॅनेल आला असता.

दोन पर्याय समोर असतील, एक हलका सॉफ्ट क्लोज आणि दुसरा भारी साधा, भाव सारखा, तर डोळे झाकून दुसरा घ्या. आणखी एक गोष्ट दुकानदार सांगत नाही. सॉफ्ट क्लोज ड्रॉवर उघडताना सुरुवातीला जरा जोर लागतो, कारण आतली स्प्रिंग ताणायची असते. आजींच्या हाताला त्रास असेल तर त्यांच्या खोलीतल्या कपाटाला साधाच बरा.

पुश टू ओपन कसं?

म्हणजे दर्शनी फळी दाबली की ड्रॉवर आपोआप पुढे येतो. हँडल नको असेल तर ठीक. ओट्याखाली चालता-बोलता गुडघा लागून ड्रॉवर उघडतात, आणि स्वस्तातल्या चॅनेलमधे पुश टू ओपन आणि सॉफ्ट क्लोज दोन्ही एकत्र मिळत नाहीत. स्वयंपाकघरात आम्ही सहसा लावत नाही.

स्टेनलेस स्टीलचा चॅनेल घ्यावा का? चुंबक लावून खरा-खोटा कळतो म्हणतात.

नेहमीचा चॅनेल लोखंडी पत्र्याचा असतो, त्यावर झिंकचा किंवा काळा मुलामा असतो. सांगली-मिरजेच्या कोरड्या हवेत तो कपाटाला, टेबलाला पुरेसा आहे. महाबळेश्वर, पाचगणी किंवा कोयनेच्या बाजूला घर असेल तर गोष्ट वेगळी. तिथे पावसाळाभर कपाटातले कपडेसुद्धा दमट लागतात. आपल्याकडे स्टेनलेसचा विचार करायचा तो भांड्यांच्या ट्रॉलीपुरता. घासलेली भांडी ओलीच ट्रॉलीत जातात, पाणी चॅनेलवर ठिबकतं आणि छर्र्यांजवळ गंज धरतो.

चुंबकाची परीक्षा अर्धीच खरी आहे. झिंकचा मुलामा दिलेलं लोखंड स्टेनलेस म्हणून खपवलं असेल तर चुंबक घट्ट चिकटेल, एवढं कळेल. पण 304 आणि 202 या दोन ग्रेडमधला फरक चुंबकाने कळत नाही, कारण दोन्हींना तो जवळजवळ चिकटतच नाही. 202 स्वस्त असतो आणि ओलाव्यात 304 च्या मानाने लवकर डाग धरतो. उलट चांगल्या स्टेनलेस चॅनेलमधेही छर्रे साध्या पोलादाचे असू शकतात, तेवढ्या जागी चुंबक ओढला जातो. त्यामुळे ग्रेड बिलावर लिहून घेणं हाच त्यातला व्यवहार्य मार्ग.

लांबी कशी ठरवायची?

खणाची आतली खोली मोजा, मागची फळी आणि मागून जाणारा पाइप सोडून. त्यात मावणारं मोठ्यात मोठं माप घ्या. चॅनेल 10 इंचापासून 24 इंचापर्यंत दोन-दोन इंचांच्या फरकाने मिळतात. 20 इंची म्हणून मिळणारा चॅनेल प्रत्यक्षात 500 मिमीचा असतो, पुरा 508 नाही. दोन फुटी ओट्याखाली बहुधा 20 इंचीच बसतो. लहान चॅनेल लावून मोठा ड्रॉवर ओढायचा प्रयत्न करू नका. पन्नास रुपये वाचतात आणि मागची चार इंच जागा कायमची अंधारात जाते.

ड्रॉवर घट्ट चालतो. चॅनेल खराब निघाला का?

दहातल्या आठ वेळा चॅनेल ठीक असतो, माप चुकलेलं असतं. हा प्रश्न नीट समजून घ्या, कारण महागडा चॅनेलसुद्धा इथेच बदनाम होतो.

45 मिमीच्या टेलिस्कोपिक चॅनेलची जाडी 12.7 मिमी, म्हणजे अर्धा इंच, म्हणजे मिस्त्रीच्या भाषेत चार सूत. दोन्ही बाजू मिळून एक इंच. खणाच्या आतल्या रुंदीतून 26 मिमी वजा केले की ड्रॉवरच्या पेटीची बाहेरची रुंदी मिळते. अर्धा-पाऊण मिमी ढिलं चालतं, पण घट्ट अजिबात चालत नाही. फट कमी पडली की छर्रे चेपतात आणि ड्रॉवर ढकलावा लागतो. जास्त राहिली की पट्ट्या ताणल्या जातात, ड्रॉवर तिरका चालतो.

घोटाळा होतो तो सनमायकामुळे. समजा बाहेरून 600 मिमीचा खण आहे, 18 मिमी प्लायचा. आत उरले 564. मिस्त्रीने 26 वजा करून 538 ची कच्ची पेटी कापली. मग खणाला आतून 0.8 मिमीचं लॅमिनेट दोन्हीकडे लागलं आणि पेटीलाही बाहेरून दोन्हीकडे लागलं. आता खण 562.4 आणि पेटी 539.6. मधे उरले 22.8 मिमी, हवे होते निदान 25.4. अडीच मिमी खाल्ले गेले. ड्रॉवर ठोकून-ठोकून बसवला जातो आणि नाव चॅनेलचं जातं. म्हणून पेटी कापायच्या आधी लॅमिनेट धरून हिशोब करायला सांगा, नाहीतर खणाचं लॅमिनेट लागल्यावरच माप घ्यायला सांगा. प्लायवर 18 लिहिलेलं असलं तरी तो 17 आणि काहीतरी निघतो, त्यामुळे टेपने मोजलेलंच खरं.

रुंदी पुढे, मधे आणि मागे अशी तिन्हीकडे मोजायची. पुढे 562 आणि मागे 559 असेल तर खण गुण्यात, म्हणजे काटकोनात, नाही. असा ड्रॉवर सुरुवातीला छान जातो आणि शेवटी अडतो.

आमचा ओटा जुना, कडप्प्याच्या उभ्या फरश्यांचा आहे. त्यात चॅनेल बसतील का?

गावभागात आणि जुन्या विश्रामबागेत असे ओटे भरपूर आहेत. थेट कडप्प्यावर चॅनेल मारू नका. फरशी ओळंब्यात नसते, दोन फरश्यांमधलं अंतर वर एक आणि खाली दुसरं असतं, आणि ड्रिल हॅमरवर ठेवून चालवलं तर कडप्पा तडकतो.

योग्य पद्धत म्हणजे आत प्लायचा पूर्ण खोका करून सरकवायचा. त्यात दोन्हीकडे मिळून दीड इंच जागा जाते, पण काम गुण्यात येतं. जागा अगदीच तुटपुंजी असेल तर फक्त चॅनेलच्या जागी वॉटरप्रूफ प्लायच्या पट्ट्या मारतात आणि मागे पॅकिंग देऊन ओळंब्यात आणतात. हे काम हळू होतं, मिस्त्री कुरकुर करतो. मजुरी थोडी जास्त द्या पण करून घ्या. असल्या ओट्यात चॅनेलवर जास्तीचे हजार रुपये घालण्यापेक्षा ते या पट्ट्यांवर घातलेले बरे.

स्क्रू कुठले वापरायचे?

पसरट माथ्याचे, खाचेत बुडणारे, 16 मिमी लांबीचे बऱ्याच ठिकाणी चालतात. माथा वर राहिला तर सरकणारी पट्टी त्याला घासते. काळे जिप्समचे स्क्रू स्वस्त म्हणून मारतात; ते ठिसूळ असतात, माथा पटकन तुटतो आणि ओलाव्यात गंजतात.

आधी लांबट भोकांत मारायचे, ड्रॉवर लावून वर-खाली जुळवायचा, आणि सगळं जमल्यावर गोल भोकांत मारून पक्कं करायचं. गोल भोकांतले स्क्रू बरेचदा राहूनच जातात. चॅनेल बसवून झाल्यावर तेवढे मोजा. पार्टिकल बोर्डमधे स्क्रूची पकड प्लायइतकी नसते, तिथे वजनाचा ड्रॉवर असेल तर सगळी भोकं भरा.

अंडरमाउंट दिसायला छान असतो. लावू का?

मिस्त्रीने आधी लावलेले असतील तरच. पेटीच्या बाजू बऱ्याच मॉडेलना 16 मिमीपर्यंतच चालतात, तळ साधारण 12-13 मिमी वर घ्यावा लागतो, मागे खाचा आणि भोकं पाडावी लागतात, आणि लांबी मिमीच्या हिशोबात जुळावी लागते. मापाचा तक्ता कंपनी देते. काम सुरू व्हायच्या आधी तो मिस्त्रीच्या हातात द्या आणि त्याचा चेहरा बघा.

तीन फूट रुंद ड्रॉवर करता येईल?

येतो, पण रुंदी खोलीच्या दीडपटीपुढे गेली की एका बाजूने ओढल्यावर ड्रॉवर तिरका होऊन अडतो. हँडल मधोमध, किंवा पूर्ण रुंदीचं घ्या. मोठी पातेली ठेवायची नसतील तर दीड-दीड फुटाचे दोन ड्रॉवर करा, चॅनेलची एक जोडी वाढेल एवढंच.

मिस्त्री म्हणतो चॅनेल मी आणतो. आणू द्यावा का?

आणू द्या, पण कामाच्या आधी नमुना हातात घ्या. अंगावर काम दिलेलं असेल, म्हणजे मालासकट चौरस फुटाचा भाव ठरला असेल, तर कुठल्याही मिस्त्रीचा हात आधी हार्डवेअरवरच आखडतो. त्यात लबाडीच असते असं नाही, भाव पाडून मागणारे आपणच असतो. कोटेशनमधे "चॅनेल" असा एक शब्द न लिहिता "20 इंची, 45 मिमी, 45 किलो, अमुक कंपनी, इतक्या जोड्या" असं लिहून घेतलं की वाद राहत नाही. पक्कं बिल तुमच्या नावावर हवं. वॉरंटी बिलाशिवाय मिळत नाही, आणि मिळाली तरी ती चॅनेलची असते, परत बसवायच्या मजुरीची नाही.

पुराच्या पाण्यात भिजलेले चॅनेल परत वापरता येतात का?

2019 आणि 2021 च्या पुरानंतर हा प्रश्न आपल्या भागात नेहमीचाच झाला. पाण्यापेक्षा गाळ वाईट. कृष्णेचा बारीक गाळ छर्र्यांच्या खाचेत बसतो आणि वाळला की सिमेंट होतो. गाळ ओला असतानाच चॅनेल काढून स्वच्छ पाण्याने धुतला, उन्हात पूर्ण वाळवला आणि हलकं ग्रीस लावलं तर साधा चॅनेल वाचू शकतो. सॉफ्ट क्लोजच्या डँपरमधे गाळ गेला असेल तर आशा सोडा. आणि चॅनेल वाचला तरी फुगलेला प्लाय स्क्रू धरत नाही, एमडीएफचा तर प्रश्नच मिटतो.

नदीकाठच्या गल्ल्यांत राहणाऱ्यांनी निवडतानाच एक गोष्ट बघावी: ड्रॉवर हाताने सुटतो का. आयर्विन पुलाजवळ पाणी 40 फुटांची इशारा पातळी ओलांडून 45 च्या धोका पातळीकडे जायला लागलं की घरातलं सामान वर न्यायची धावपळ सुरू होते. खटका असलेला चॅनेल असेल तर भरलेला ड्रॉवर तसाच उचलून माळ्यावर नेता येतो. तळमजल्यावर सर्वांत खालचा ड्रॉवर मात्र हलका आणि स्वस्तच ठेवा.

ड्रॉवर काढायचा कसा? परत बसवताना छर्रे सांडले!

पूर्ण उघडा. दोन्ही बाजूंना आतल्या पट्टीवर काळा प्लॅस्टिकचा खटका दिसेल. एका बाजूचा वर उचलायचा, दुसऱ्या बाजूचा खाली दाबायचा, दोन्ही एकदम, आणि ड्रॉवर सरळ ओढायचा. दोन्ही वर उचलत बसणाऱ्यांचा ड्रॉवर निघत नाही.

बसवताना घाई नको. कपाटातल्या चॅनेलमधे छर्र्यांची जाळी असते, ती आधी बोटाने पुढच्या टोकापर्यंत ओढून घ्या. मग ड्रॉवरच्या दोन्ही पट्ट्या एकाच वेळी, सरळ रेषेत आत घाला. जाळी मागे राहिली आणि पट्टी तिरकी घुसली की जाळी चेपते आणि छर्रे टपाटप फरशीवर. मग ते वेचून बसवण्यात अर्थ नाही, जोडी बदला. आत गेल्यावर एकदा थोडं जोर लावून पूर्ण बंद करा, जाळी आपली जागा पकडते. त्यानंतर हलका चालतो.

आवाज येतो. खोबरेल तेल सोडलं तर चालेल?

नको. तेलावर पीठ, हळद, धूळ बसते आणि महिन्याभरात चिकट राप तयार होतो. कोरड्या फडक्याने खाच पुसा, जुना ब्रश फिरवा, मग सिलिकॉन स्प्रे किंवा अगदी थोडं पांढरं ग्रीस. गंज सोडवायचे पातळ स्प्रे आतलं ग्रीसही धुऊन काढतात, ते वापरलेच तर नंतर ग्रीस लावा.

एकच चॅनेल बिघडला. एकच बदलू का?

जोडी बदला. जुना आणि नवा एकत्र सारखे चालत नाहीत. वेगळ्या कंपनीचा घेतला तर भोकं जुन्या जागी येणार नाहीत, आणि जुन्या भोकाला खेटून नवं पाडलं तर स्क्रू धरत नाही. जुनी भोकं लाकडाची काडी आणि फेव्हिकॉल घालून बुजवा, रात्रभर वाळू द्या. याचसाठी काम झाल्यावर एक जास्तीची जोडी घरात ठेवलेली बरी.

पुण्याहून किंवा ऑनलाइन मागवलं तर स्वस्त पडेल का?

शंभर जोड्या असतील तर पडेल. बारा जोड्यांसाठी गाडीभाडं निघत नाही. ऑनलाइन घेतलं तर वजन करून, हलवून बघता येत नाही, म्हणजे तपासणीचा सगळा भागच गेला. इथल्या दुकानात एखादी जोडी घट्ट निघाली तर त्याच दिवशी बदलून मिळते, मिस्त्रीचा खाडा होत नाही.

आजोबांचं सागवानी टेबल आहे, ड्रॉवर जड जातो. चॅनेल बसवू?

कशाला? त्या ड्रॉवरमधे चॅनेलसाठी एक इंच जागा सोडलेली नाही, बाजू तासून पेटी बारीक करावी लागेल आणि टेबलाचं वाटोळं होईल. ड्रॉवर काढा, घासणाऱ्या कडांवर पांढरी मेणबत्ती चोळा. पावसाळ्यात फुगत असेल तर दिवाळीपर्यंत थांबा, मग जिथे घासल्याची चमक दिसते तेवढ्याच जागी पॉलिश पेपर मारा.